मामीच्या फोनातले मामा

माझे मामा शिलाई मशीनचे मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या शिंप्यांना त्यांचं खरं नाव माहीत नाही. ते मामांना 'जसं-होतं-तसं' म्हणतात, आणि हे नाव मामांनी स्वतःच्या तोंडाने कमावलंय. कुठलंही मशीन उघडायच्या आधी मामा शेजारी एक पांढरं फडकं अंथरतात. निघालेला प्रत्येक स्क्रू त्यावर ठेवायचा, भोवती शिंप्याच्या खडूने गोल काढायचा, गोलाशेजारी आकडा लिहायचा. मग काम झालं की उलट्या क्रमाने सगळं परत. एकाच मापाचे दोन स्क्रू एकमेकांच्या भोकात गेलेले त्यांना खपत नाहीत. एकदा एक शिंपी वैतागून म्हणाला, "अहो, दोन्ही सारखेच आहेत की!"

"तुला दोन जावई आहेत ना?" मामा मान वर न करता म्हणाले. "तेही सारखेच दिसतात. बदलून बघ."

नोकरीच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे राहायला आलो त्याला आता तीन वर्षं झाली. मी एका गोदामात खोक्यांवरचे पट्टेरी कोड वाचतो, म्हणजे यंत्र वाचतं आणि मी ते यंत्र हातात धरतो. पण माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, म्हणून मामा मला 'डिप्लोमा' अशीच हाक मारतात. "डिप्लोमा, नळ बंद कर." "डिप्लोमा, दूध उतू गेलं." शिक्षणाचा एवढा मान आमच्या गावातसुद्धा कोणी ठेवला नव्हता.

मामी आणि मामांची ओळख कपड्यांच्या कारखान्यात झाली. मामी शिवणाऱ्या बायकांत होती, टेबल नंबर सतरा. प्रत्येक टेबलावर एक बटण आणि वर एक लाल दिवा असायचा. मशीन अडलं की बटण दाबायचं, दिवा लागायचा आणि मेकॅनिक यायचा. सतरा नंबरचा दिवा आठवड्यातून चार-पाच वेळा लागू लागला. सुपरवायझरने एकदा विचारलंसुद्धा, "बाई, तुमचंच मशीन एवढं कसं बिघडतं?" मामी म्हणाली, "ते मशीनला विचारा." मामा यायचे, खालच्या दोऱ्याची बॉबिन काढायचे. आत दोरा हाताने गुंतवलेला असायचा, तोही इतका नीटनेटका की कुठलंच मशीन असा गुंता करू शकणार नाही. मामा गुंता सोडवायचे आणि कोणाला काही बोलायचे नाहीत. असं सात महिने चाललं. "सात महिने!" मामी मला सांगायची. "एवढा मोठा दिवा लावून बसले होते मी, तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडायला सात महिने लागले."

ही गोष्ट तिने मला पहिल्या वर्षी एकदा सांगितली. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा सांगायची. मग दिवसातून तीनदा सांगू लागली, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बरंच बोलले. आम्हाला एवढंच कळलं की मामीची आठवण अलीकडच्या टोकाकडून उसवत चाललीय आणि तो टाका परत घालता येत नाही.

मामांनी काम निम्म्यावर आणलं, पण सोडलं नाही. दुपारी तीन-चार तास ते शिंप्यांकडे जायचे. तेवढ्या वेळात मामी सावरून राहायची ती फोनमुळे. साधाच फोन होता, पण त्याच्या पहिल्या पडद्यावर चार मोठे चौकोन होते आणि चौकोनात फोटो. वर डावीकडे मामा, मग ताई, म्हणजे त्यांची लांब राहणारी मुलगी, खाली मी आणि डॉक्टर. फोटोवर बोट ठेवलं की थेट फोन लागायचा. नंबर नको, नाव नको. मामांचा फोटो म्हणजे भिंतीवरच्या जुन्या फोटोचा फोनने काढलेला फोटो. तिशीतले मामा, काळ्याभोर मिशा, कारखान्याचा डगला, हातात तेलाची कुपी. मामी त्यावर बोट ठेवायची आणि मामा कुठल्यातरी मशीनखाली आडवे झालेल्या अवस्थेत म्हणायचे, "हं, बोल." दिवसातून सहा-सात वेळा. शिंपी हसायचे. "सतरा नंबरचा दिवा लागला वाटतं?" त्यांनाही ती गोष्ट पाठ झाली होती.

आणि मग मी शहाणपणा केला.

मामीचा फोन मी चार्जिंगला लावला होता. त्यावर एक सूचना आली, नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, सुरक्षेसाठी घ्या. मी डिप्लोमाच्या अधिकारात 'होय' दाबलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने फोन चालू झाला तेव्हा तो फार देखणा झाला होता. चौकोन गेले होते. त्या जागी बारीक गोल चित्रं आली होती, वर घड्याळ, खाली हवामान. फोन लावायचा तर आधी एक चित्र, मग यादी, मग नाव, मग पुन्हा एक चित्र. मी ते चार चौकोन परत आणायला दोन संध्याकाळी झटलो. नव्या आवृत्तीतून कंपनीने ती सोयच काढून टाकली होती. दुसरीकडून उतरवून घेतलेले चौकोन लावून पाहिले, पण त्यांचा आकार वेगळा, रंग वेगळा. मामीने त्यांना बोटसुद्धा लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या किराणावाल्याने मला फोन केला. मामी रस्त्यावर उभी होती, एका पायात चप्पल, हातात फोन. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवून विचारत होती, "यातले आमचे हे कुठे गेले?"

संध्याकाळी मामांनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, फोन त्याच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "चल. जसं होतं तसं करू."

आधी फोनच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, "काका, कंपनी पुढे जाऊ देते, मागे नाही. आणि जुनं कशाला पाहिजे? नवीन घ्या."

"बायको आहे ना तुला?" मामांनी विचारलं.

"आहे की."

"मग तिच्यासमोर हे बोलू नकोस."

घरी येऊन मी शोधाशोध केली. मागे जाता येत होतं. फोनच्या आतली मूळ प्रणाली, जिला फर्मवेअर म्हणतात, तिची जुनी प्रत मिळाली. ती फोनवर पुन्हा चढवणं म्हणजे फ्लॅश करणं, आणि त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागतं. ते लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका फुकट मिळणाऱ्या मूळ प्रणालीवर, चालतं असं लिहिलेलं होतं. माझा लॅपटॉप लिनक्सवर चालतो, तो काही मी मोठा जाणकार आहे म्हणून नाही. लॅपटॉप इतका जुना आहे की त्याला दुसरं काही पचत नाही.

त्या सॉफ्टवेअरशी आमचं पंधरा दिवस जमलं नाही. पहिल्या दिवशी ते उघडेच ना. टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली तर उत्तर आलं, परवानगी नाही.

"लॅपटॉप कोणाचा?" मामांनी विचारलं.

"माझा."

"पासवर्ड?"

"माझाच."

"आणि परवानगी तुलाच नाही?" मामांनी चष्मा काढून पुसला. "लग्न झालं की सवय होईल."

परवानगी दिली तर ते म्हणालं, एक जुनी फाइल पाहिजे, जी नव्या लिनक्समध्ये येत नाही. ती कुठूनतरी आणून बसवली. मग ते उघडलं, पण फोन दिसेना. केबल बदलली. मग कळलं की ज्या वाटेने फोन बोलतो त्या वाटेवर जायला माझं नाव एका गटात असावं लागतं. नाव घातलं. तरी नाही. दोन दिवसांनी कळलं की गटात नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, नाहीतर नोंद लागू होत नाही. मामांनी हे सगळं कापड बेतायच्या तपकिरी कागदावर लिहून ठेवलं, आकडे घालून, प्रत्येक आकड्याभोवती खडूचा गोल. 'सात: बाहेर जाऊन परत आत ये.' नऊ नंबरच्या गोलात नुसतंच लिहिलं होतं, 'डिप्लोमाला भूक लागली.'

शेवटचं कोडं सगळ्यात चिवट निघालं. बंद फोनचं आवाजाचं बटण दाबून धरायचं आणि केबल लावायची. फोन दोनेक सेकंदांसाठी जागा होतो, म्हणतो, मी आलोय. त्या दोन सेकंदांत सॉफ्टवेअरने त्याचा हात धरायचा. आमचा फोन यायचा आणि निघून जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. तेराव्या दिवशी उलगडा झाला. लिनक्समध्ये आणखी एक सेवा चालू असते, जिचं काम मोडेम, म्हणजे इंटरनेट जोडायचं उपकरण, ओळखणं. काहीही जोडलं की ती आधी धावते आणि विचारपूस करते, तू मोडेम आहेस का? फोन बिचारा गोंधळून परत जातो.

"शेजारच्या बाईंसारखं," मामा म्हणाले. शेजारच्या बाई आमच्या दारात कोणीही आलं तरी आम्ही उठायच्या आत 'कोण पाहिजे?' विचारायच्या. "त्यांना गप्प बसवता येतं?"

"एका ओळीत."

"शेजारच्या बाईंसाठी पण असं काही असेल तर बघ."

हे सगळं चालू असताना मामी समोरच्या खुर्चीत बसलेली असायची. मामांनी या दिवसांत काम पूर्ण बंद ठेवलं होतं. दिवसभर घरात, टेबलाशी, चष्मा नाकावर, समोर कागद. मामी बघत बसायची. मधेच उठून पाणी आणून द्यायची. एकदा तिने मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "हे काम किती दिवस चालणार आहे?" मी म्हटलं, "होईल गं आता." ती म्हणाली, "मन लावून करतात पण. चहा जास्तीचा टाकत जा." मी हसलो. मामांना जाऊन सांगितलं, तेही हसले. आम्हाला वाटलं थट्टा करतेय. ती आयुष्यभर त्यांची थट्टाच करत आली होती.

सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मामांनी कागदावरचे सगळे गोल बोटाने पुन्हा मोजले. मोडेमवालीला गप्प केलं. मी बटण दाबून धरलं, मामांनी केबल लावली. लॅपटॉपच्या पडद्यावर खालची रिकामी पट्टी आधी लाल झाली, मग पिवळी होऊन सरकू लागली. पट्टी शेवटाला पोचली आणि हिरवी खूण आली. फोन चालू झाला. जुनं, ओबडधोबड, चार रिकाम्या चौकोनांचं तोंड पडद्यावर आलं. मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा त्यांचाच पडला.

चौकोन रिकामे होते, कारण मागे जाताना आतलं सगळं पुसलं जातं. फोटो नव्याने घालायचे होते. ताईचा, डॉक्टरांचा, माझा घातला. मामांची वेळ आली तेव्हा मी फोन त्यांच्यासमोर धरला. "हसा."

"मी कशाला?" ते उठले आणि भिंतीवरचा फोटो उतरवून घेऊन आले. फडक्याने काच पुसली. मिशीवाले मामा, हातात तेलाची कुपी.

"मामा, यात तुम्ही तीस वर्षांचे आहात. आताचा घालू या ना. तेवढीच ओळख ताजी राहील."

"डिप्लोमा, आधी कुठला होता?"

"हाच."

"मग हाच."

वर डावीकडचा चौकोन भरला. मामांनी फोन दोन्ही हातांनी मामीसमोर ठेवला, शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकासमोर ठेवावा तसा, आणि स्वतः समोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

मामीने पाहिलं. तिचा चेहरा असा उघडला की सोळा दिवस मी तो पाहिलाच नव्हता हे मला तेव्हा कळलं. "अय्या, हे बघ!" ती मला म्हणाली आणि तिने फोटोवर बोट ठेवलं.

मामांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला. हसत हसत, तिच्याकडे बघत कानाला लावला. "हं, बोल."

मामी खुर्चीत जराशी वळली. आमच्याकडे पाठ केली. तोंडावर हात धरून हळू आवाजात म्हणाली, "अहो, आहात कुठे तुम्ही? किती दिवस झाले. इथे एक म्हातारे गृहस्थ येऊन बसतात, मशीनच्या कामाला. चांगले आहेत हो, त्रास काही नाही. पण सारखे माझ्याकडे बघतात. तुम्ही या ना लवकर."

मामांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना. त्या दोघांमध्ये एक टेबल होतं, टेबलावर पांढरं फडकं. मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं, जिथे मघाशी उतरवलेल्या फोटोचा खिळा होता, आणि त्या खिळ्याला म्हणाले, "येतो."

"कधी?"

"निघालोच."

मग ते उठले आणि दाराकडे गेले. मामीने फोन छातीशी धरून वळून पाहिलं. "निघालात? थांबा की. हे येतायत एवढ्यात, भेटून जा." मामा थांबले नाहीत. जिन्यात त्यांच्या चपला तीन पायऱ्या वाजल्या, मग वाजायच्या बंद झाल्या.

दहा मिनिटांनी बेल वाजली. मामी माझ्या आधी धावली. जाताना केसांवरून हात फिरवला. दार उघडलं. समोर मामा होते, हात मागे बांधून, पाहुण्यासारखे. मामीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे, जिन्यात.

"तुम्हाला खाली भेटले का हो ते?"

"भेटले."

"मग?"

"वाटेत कोणाचं तरी मशीन अडलं म्हणाले. थोडा उशीर होईल."

"असंच असतं त्यांचं," मामी म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात नवऱ्याचं कौतुक ओतप्रोत भरलं होतं. "या, तुम्ही बसा."

मी मात्र अजून डिप्लोमावालाच होतो. त्या आठवड्यात मी मामांना न विचारता आणखी एक दुरुस्ती केली. ते पेपर वाचत असताना गुपचूप त्यांचा फोटो काढला, टक्कल, चष्मा, सगळं आलं, आणि वरच्या डाव्या चौकोनात घातला. म्हटलं, रोज पाहील, हळूहळू जुळेल. मामीने दोन दिवस फोन लावला नाही. चौकोनाजवळ बोट न्यायची आणि परत घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने फोन पालथा करून ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "ते आले की."

मामांनी फोन उचलला, पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामा, निदान प्रयत्न तरी..."

"ती मला बोलावत नाही," मामा म्हणाले. "तो मिशीवाला असला तर निदान फोन मला येतो."

त्यांनी स्वतःच्या हाताने जुना फोटो परत घातला. तो चौकोनात बसवायला तीन खेपा लागल्या. एरवी सुईच्या नाकातून एका फटक्यात दोरा जायचा त्यांच्या.

आता मामा कामाला जात नाहीत. शिंप्यांनी दुसरा मेकॅनिक पाहिलाय. तो स्क्रू वाटीत टाकतो अशी तक्रार येते. दुपारी चारच्या सुमाराला मामी फोटोवर बोट ठेवते. खिशात वाजायला लागलं की मामा गुडघ्यावर हात ठेवून उठतात, "आलोच हं, जरा खाली जाऊन येतो," असं तिला सांगतात, बाहेर जातात, दार ओढून घेतात आणि मगच फोन उचलतात. जिन्यातल्या तिसऱ्या पायरीवर त्यांची जागा ठरलेली आहे. शेजारच्या बाईंनी पहिल्या दिवशी दार उघडून विचारलं होतं, "कोण पाहिजे?" आता विचारत नाहीत. पायरीवर एक उशी आणून ठेवलीय त्यांनी.

काल मी लवकर घरी आलो, तर मामा पायरीवरच होते. मला बघून त्यांनी हाताने खूण केली, जा वर. कानाला फोन होता. आवाज बदलला होता, थोडा जाड, थोडा घाईतला, कामात असलेल्या माणसाचा.

"बॉबिन काढून बघितलीस का?" ते विचारत होते. "दोरा गुंतलाय? पुन्हा? अगं, तुझंच मशीन एवढं कसं बिघडतं?"

मी त्यांना ओलांडून वर गेलो. दार ढकललं. मामी खिडकीशी पाठमोरी उभी होती, फोन कानाला लावून, आणि गालातल्या गालात हसत सांगत होती, "ते मशीनला विचारा."